कोरड्या घरामागे दोन बांगडे

कार्तिक महिना, मंगळवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. कुरिअरवाल्याने रायपूरजवळच्या बीरगांवातल्या शकुनताईच्या ओट्यावर एक पार्सल ठेवले. वजन खोक्यासकट पाच किलो नऊशे ग्रॅम. पाठवण्याचा खर्च पाठवणाऱ्याने भरलेला, आम्हाला काही द्यायचे नव्हते. हजर माणसे तीन : माझी थोरली बहीण शकुनताई (कागदोपत्री शकुंतला), मी, आणि मधल्या भिंतीवरून वाकून बघणारे शेजारी साहूजी. पार्सलवर ‘घरगुती खाऊ’ असे लिहिले होते आणि नाव होते ताईच्या नवऱ्याचे, यशवंत भाऊजींचे. भाऊजींना जाऊन त्या दिवशी बरोबर तेवीस दिवस झाले होते. कुरिअरवाल्याने विचारले, “यशवंतजी कौन हैं? साइन लगेगा.” ताईने पदराला हात पुसले आणि म्हणाली, “मैं ही हूँ. लाओ.” सही करून तिने पेन परत दिले. साहूजी एरवी हे पार्सल आले की खिडक्या लावून घेतात. ते कबीरपंथी, घरात अंडेसुद्धा चालत नाही, आणि या खोक्याचा वास त्यांच्या देवघरापर्यंत जातो. त्या दिवशी त्यांनी खिडकी लावली नाही.

खोक्यात सुके बांगडे होते. भाऊजींची वार्षिक फी. त्यांनी आयुष्यात सरकारी पगाराशिवाय दुसरी जी एकच कमाई केली ती ही, आणि ती कशी ठरली, किती ठरली, कोणासमोर ठरली हे मला नेमके ठाऊक आहे, कारण मी तिथे होतो. मी जवळच्या उरल्याच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर आहे. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक तेवढा माल, हे एकोणतीस वर्षे लिहीत आलो आहे. तेव्हा आकड्यांत चूक होणार नाही याची काळजी घेईन. बाकीचे जसे आठवते तसे.

भाऊजी सरकारी बांधकाम खात्यात अभियंता होते. निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. गेले त्या दिवशी दुपारी वरण-भात आणि लालभाजी खाऊन ते दिवाणावर आडवे झाले, चार वाजता ताई चहा घेऊन आली आणि... एवढेच. वय एकाहत्तर. दवाखाना नाही, रांग नाही, कोणाला हाका नाहीत. जलदान विधीला दोनशेच्या वर माणसे जमली होती. त्यांतले अर्धे लोक रडता रडता हसत होते, कारण जो तो लोट्याचीच गोष्ट सांगत होता.

लोट्याची गोष्ट अशी. भाऊजी कोणाच्याही नव्या घरी गेले की बसायच्या आधी लोटाभर पाणी मागायचे. प्यायला हवे असेल म्हणून घरची बाई लोटा-पेला घेऊन यायची आणि भाऊजी ते पाणी बैठकीच्या नव्याकोऱ्या फरशीवर ओतून द्यायचे. मग उकिडवे बसून बघायचे, पाणी कुठे चालले. कपाळाला आठी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, जसा एखादा माणूस बैलाची चाल बघतो तसे. माझ्या फ्लॅटच्या गृहप्रवेशाला त्यांनी हेच केले. माझ्या सासूबाई तिथेच नवी पैठणी नेसून उभ्या होत्या. “विलास,” भाऊजी म्हणाले, “तुझं पाणी तर दिवाणाखाली चाललं न बाप्पा. बाथरूम इकडं आन पाणी तिकडं. काहून?” ठेकेदाराला बोलावून बाथरूमची फरशी उखडावी लागली. सासूबाई सहा महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नवा रायपुरात पुतण्याच्या बंगल्यात मात्र पाणी थेट जाळीकडे गेले, तेव्हा त्यांनी मिस्त्रीला हुडकून काढून त्याच्या हातावर शंभराची नोट ठेवली होती.

ही सवय लागली ती याच बीरगांवच्या घरात. भाऊजींचे वडील गोंदियाकडून रेल्वेच्या नोकरीवर रायपूरला आले. आयुष्याची पुंजी लावून त्यांनी हे घर बांधले तेव्हा भाऊजी नुकतेच अभियंता झाले होते. नकाशा त्यांनीच काढला, मिस्त्रीवर देखरेख त्यांनीच केली, आणि पडवीच्या फरशीचा उतार अर्ध्या इंचाने उलटा गेला. बाहेर जायचे पाणी आत. त्या पावसाळ्यात नाली भरली आणि पाणी पडवीत येऊन स्वयंपाकघराच्या दाराशी, कोपऱ्यात, तळे करून बसले. वडील रागावले नाहीत. त्यांनी मुलाच्या हातात लोटा आणि फडके दिले आणि म्हणाले, “घे साहेब. तुझा हिसाब हाय, तूच पुस.” फरशी फोडून परत करू असे भाऊजींनी म्हटले तर वडील म्हणाले, राहू दे, ध्यानात राहील. तो कोपरा तसाच राहिला. ताई लग्न होऊन आली तेव्हापासून बघते आहे, पाऊस असो की सडा-सारवण, तो कोपरा भाऊजीच पुसायचे. मोलकरणीला हात लावू द्यायचे नाहीत.

त्यांची मुलगी, आमची सुजाता, लग्न होऊन सिंधुदुर्गात गेली. जावई शाळामास्तर. रायपूर कुठे आणि समुद्र कुठे, पण नात झाली आणि भाऊजींचे वर्षातून दोनदा तिकडे जाणे सुरू झाले. सुजाताच्या घरापासून जवळच, खाडीच्या तोंडाशी, मासेमारांची चव्वेचाळीस घरांची वाडी होती. एका वादळात समुद्र त्या वाडीत शिरला. माणूस दगावले नाही, पण भिंती बसल्या, जाळी गेली, होडीची दोन इंजिने वाळूत गाडली गेली. मग ठरू लागले की वाडी उठवायची आणि चार किलोमीटर आत, उंच कातळी सड्यावर, पक्क्या घरांत न्यायची. पत्र्याची, एकसारखी, रांगेत. वाडीतल्या बायकांनी ते जाऊन बघितले आणि परत आल्या. सड्यावरून समुद्र दिसत नाही. होडी कधी येणार हे कळणार नाही, मासळी उतरवायला कोण धावणार, आणि सुकवायची कुठे? नवरे दर्यावर आणि बायका डोंगरावर, असा संसार त्यांना करायचा नव्हता. भाऊजींनी हे सुजाताच्या पडवीत बसून ऐकले आणि म्हणाले, घर जागेवरच बांधता येईल. जिल्ह्याहून आलेले साहेब भले होते. ते म्हणाले, काका, बोलून नाही चालायचे. एक नमुन्याचे घर उभे करा. आषाढातल्या अमावास्येच्या उधाणात ते राहण्याजोगे राहिले तर बाकीच्या त्रेचाळीस घरांचे मी वर लिहितो. नाही राहिले तर वाडीने सड्यावर जायचे, मग हटून बसायचे नाही. वाडीने मान्य केले. म्हणजे चव्वेचाळीस घरांचे जाणे-राहणे आमच्या भाऊजींच्या एका नकाशावर आले, ज्यांना स्वतःच्या पडवीचे पाणी बाहेर काढता आले नव्हते.

मी यात आलो तो ताईमुळे. “ते गोळ्या खायच्या विसरतात,” ती मला म्हणाली, “तू सोबत जाय. तुले टेप तं धरता येते न?” मी पंधरा दिवसांची रजा टाकली, आणि ती पुढे आषाढापर्यंत वाढवत नेली.

पहिले काम होते पाणी किती चढते ते काढणे. वाडीच्या कडेला जुनी चिऱ्याची वखार होती. तिच्या भिंतीवर, आडवा, सरळ रेघेसारखा पांढुरका डाग होता. आमच्याकडे खारून नदीला पूर येऊन गेला की भिंतीवर अशीच रेघ राहते. जिथे रेघ तिथे पाणी, यात विचारायचे काय? भाऊजींनी टेप सोडला, मी खालचे टोक धरले. बासष्ट इंच. भाऊजींनी तीनदा मोजले, मी तीनदा लिहिले. बासष्ट इंच पाणी, वर लाटेचे, वर सुरक्षेचे, म्हणून घर सात फूट उंच खांबांवर. त्यांनी रात्रंदिवस खपून नकाशा काढला, बांबूच्या कामट्यांचा आणि पुठ्ठ्याचा नमुना केला, आणि आम्ही तो डोक्यावर धरून वाडीत गेलो. मोठा देखणा नमुना होता. जिन्याला कठडासुद्धा लावला होता.

वाडीतल्या बायकांचे म्हणणे मांडायची ती शेवंताकाकी. साठीच्या पुढची, अंगाने बारीक, बोलायला लागली की हात कमरेवर. तिने नमुन्याभोवती एक फेरी मारली. मग घरात गेली, मासळीने भरलेली पाटी घेऊन आली आणि भाऊजींच्या डोक्यावर ठेवली. माझ्या अंदाजाने बावीस-तेवीस किलो. मी रोज वजनेच बघतो, किलो इकडे-तिकडे. वखारीला एक शिडी टेकवलेली होती. “चडा भावजी,” काकी म्हणाली, “सात फूट चडा. मगे खाली या. मगे परत चडा. दिवसाक आमी धा येळा चडतो.” मी त्यांना भाऊजी म्हणत होतो म्हणून तोवर अख्खी वाडी त्यांना भावजी म्हणू लागली होती. भाऊजी चढले. एक पायरी, दोन, तीन... तिसरीवर थांबले. पाटीतले पाणी त्यांच्या चष्म्यावरून ओघळत होते. कोणी हसत नव्हते, पाहुणा माणूस, वयाने मोठा. मग शिडीवरूनच भाऊजी म्हणाले, “विलास, मले उतरव रे बाप्पा, नाही तं तुझ्या बहिणीले काय सांगशीन?” आणि स्वतःच हसायला लागले. तेव्हा मग वाडी जी हसली ती खाडीपलीकडे ऐकू गेली असेल.

पाटी उतरवल्यावर काकीने विचारले, सात फूट कुठून काढले? भाऊजींनी वखारीवरची रेघ दाखवली. काकी जवळ गेली, रेघेवर बोट घासले आणि ते बोट भाऊजींच्या तोंडासमोर धरले. “चाखा.” भाऊजींनी खरेच चाखले. खारट. “ह्यो डाग पाण्याचो न्हय, मिठाचो,” काकी म्हणाली. “पाणी हंयसर इलां,” आणि तिने स्वतःच्या कमरेवर हात ठेवला, “मगे मीठ भिंतीत्सून वर चडत गेलां. मीठ चडता. तां काय पाणी आसा, खाली बसाक?” वर्षानुवर्षे ओल भिंतीत चढते, सुकते, मीठ मागे ठेवते, आणि रेघ पाण्याच्या कितीतरी वर जाते. गोड्या पाण्याच्या मुलखातला माणूस ही चूक करणारच. तरी मी लिहून ठेवतो की टेपचे खालचे टोक मी धरले होते, तेव्हा चूक निम्मी माझी.

संध्याकाळी भाऊजींनी तो देखणा नमुना सुजाताच्या चुलीपाशी नेऊन ठेवला आणि म्हणाले, आंघोळीचे पाणी तापव. मला वाटले माणूस खचला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी मला उठवले. “भिंतीले काय पुसून राहिलो आपण? पाण्यात उभं कोण होतं? बाया. त्यायले पुसू.”

मग आम्ही जे केले तसले मोजमाप मी आधी कधी केले नव्हते. वाडीतल्या जुन्या उधाणात, सर्वांत मोठे पाणी आले त्या दिवशी, जागेवर हजर असलेल्या अकरा बायका भाऊजींनी हुडकल्या. एकेकीला ती त्या दिवशी जिथे उभी होती तिथे उभे केले आणि विचारले, पाणी कुठवर आले? तिने स्वतःच्या अंगावर हात ठेवायचा. मी जमिनीपासून त्या हातापर्यंत टेप लावायचा आणि आकडा लिहायचा. बायकांची लाजून, एकमेकींना ढकलून, हसून पुरेवाट. एकतीस इंच. एकोणतीस. अठ्ठावीस, पण ही म्हणाली मी पायाखाली पाटा घेतला होता, म्हणून पाट्याची उंची तीन इंच मिळवली. बत्तीस, पण ही वाळूत रुतली होती, कुठवर, घोट्यापर्यंत, म्हणून तीन इंच वजा. दहा बायकांचे आकडे असे एकमेकांजवळ येत गेले. अकरावी, पार्वती नावाची धिप्पाड बाई, तिने हात ठेवला छातीवर. त्रेचाळीस इंच.  दहा जणी एक सांगतात आणि ही भलतेच. भाऊजींनी तिला हळूच विचारले, “बाई, तुमचं वय तेव्हा काय होतं?” पार्वती म्हणाली, सहा वर्षे.

नात तेव्हा नेमकी सहा वर्षांची. भाऊजींनी तिला बोलावले आणि मी तिच्या छातीपर्यंत टेप लावला. “मामा-आजोबा, गुदगुल्यो होतत,” ती मालवणीत ओरडली. रायपूरची नात, पण मराठी तिची खाडीची. तीस इंच. पार्वतीही खरेच सांगत होती. मी आकडे पुढे केले, भाऊजींनी सर्वांत मोठ्या आकड्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, “एकतीस. आता मले कोणी काही सांगू नका.” बासष्टचे बरोबर अर्धे.

नवे घर बांधले ते छत्तीस इंचांच्या चिऱ्याच्या जोत्यावर. जोत्यात खालून आरपार कमानी ठेवल्या, पाणी अडून धडका देऊ नये म्हणून. जिना नाही, वर जायला रुंद घसरण, डोक्यावर पाटी घेऊन म्हातारी बाई चढेल एवढ्या उताराची. तो उतार भाऊजींनी काकीला पाटी देऊन तीनदा चढायला लावून ठरवला. चूल ओट्यावर, विजेची बटणे डोक्याच्या उंचीवर, जाळी आणि इंजिन ठेवायला भक्कम माळा. दार खाडीकडे नको असे भाऊजींचे म्हणणे होते, लाट सरळ आत येईल. काकी म्हणाली, दारातून होडी दिसली नाही तर मग सड्यावर काय वाईट? दोन दिवस वाद चालला. तिसऱ्या दिवशी भाऊजींनी खाडीकडे दार दिले आणि समोरच्या भिंतीत दुसरे दिले, आणि फरशीचा उतार मधल्या उंचवट्यापासून दोन्ही दारांकडे काढला. त्या फरशीवर त्यांनी किती लोटे ओतले हे मी मोजले होते. सत्तेचाळीस. मिस्त्री शेवटी म्हणाला, काका, आता हिला सर्दी होईल.

आषाढ अमावास्येला भरतीची वेळ दुपारी बाराच्या सुमाराची होती. सकाळी दहापासून आम्ही नमुन्याच्या घरात बसलो : भाऊजी, मी, सुजाता, काकी, आणि रेनकोट घातलेले जिल्ह्याचे साहेब. बाकीची वाडी मागच्या उंच बांधावर छत्र्या घेऊन. दाराबाहेर जमिनीत रोवलेल्या खांबावर आम्ही रंगाने इंचांच्या खुणा केल्या होत्या आणि त्या वाचायचे काम माझ्याकडे होते. चौदा. एकोणीस. कमानींतून पाणी गडगडत जात होते आणि पायाखालची फरशी घुमत होती. चोवीस. अठ्ठावीस. भाऊजी हातात लोटा धरून बसले होते, रिकामा. काकी त्यांच्याकडे न बघता बांगड्याच्या कालवणाला फोडणी देत होती. तीस. एकतीस. मग किती वेळ गेला सांगता येत नाही, आकडा एकतीसवरच राहिला. मी मान वळवून ते सांगणार, एवढ्यात एक उंच लाट खाडीतून आली, जोत्यावर फुटली आणि दारातून सरळ आत. साहेबांचे दोन्ही बूट भिजले.

 साहेब आपल्या बुटांकडे बघत होते. भाऊजींचा चेहरा मला अजून दिसतो, बीरगांवच्या पडवीत वडिलांनी फडके हातात दिले तेव्हा असाच झाला असेल. पण पाणी थांबले नव्हते. ते फरशीवर पसरले, मधल्या उंचवट्याशी अडखळले, मग अर्धे आल्या दाराने आणि अर्धे समोरच्या दाराने, कोणी बोलावल्यासारखे निघून गेले. कोपऱ्यात काही उरले नाही. काकी चुलीपुढून म्हणाली, “इलां आनि गेलां. पावणे येतत तसां. सायबानु, बूट काडा नि जेवाक बसा.” साहेब वाकले, फरशीला तळहात लावला, हात उलटा करून बघितला. मग त्यांनी बूट काढले. त्या दुपारी त्या घरात, एकतीस इंच पाण्याच्या वर, पाच माणसांनी गरम भात आणि बांगड्याचे कालवण खाल्ले. साहेब दुसऱ्यांदा भात घेत म्हणाले, “काका, मी लिहितो.” त्यांनी लिहिले, आणि पुढल्या दोन वर्षांत बाकीची त्रेचाळीस घरे जागच्या जागी उभी राहिली.

फी ठरली ती त्याच जेवणात. काकीने विचारले, तुमचे काय द्यायचे? भाऊजी म्हणाले, मले पेन्शन आहे. काकी म्हणाली, “फुकटाचां काम आमी घेणव नाय. उद्या घर पडला तर भांडूचां कोणावांगडा?” भांडायला कोणीतरी हवे, हे भाऊजींना पटले. थोडा विचार करून ते म्हणाले, दर वर्षी पावसाळा संपला की ज्या घरात पाणी राहिलं नाही त्या घरानं दोन सुके बांगडे पाठवायचे. ज्या घरात राहिलं त्यानं पाठवायचे नाही. साक्षीला साहेब, सुजाता आणि मी.

पहिल्या वर्षी पोस्टाने पाकीट आले. दोन बांगडे. पाकिटाचा वास पोस्टमनला आठवडाभर पुरला. भाऊजींनी ते दोन बांगडे ताटात ठेवून मला फोन करून बोलावले आणि उरल्याहून सायकल हाणत आलो तर म्हणाले, “पाह्य. कोरडं हाय.” दुसऱ्या वर्षी तीस आले, तिसऱ्या वर्षी अठ्ठ्याऐंशी, म्हणजे पुरी वाडी. दर वर्षी खोके ओट्यावर यायचे, भाऊजी वर्तमानपत्र पसरून मोजायचे, मी लिहायचो, आणि भिंतीपलीकडून नाकाला गमछा लावलेले साहूजी विचारायचे, “ये दारी कतका आइस, भैया?” मासळीला शिवायचे नाही, पण आकडा मात्र त्यांना पाहिजे. मग भाऊजी पोस्टकार्ड लिहायचे. दर वर्षी एकाच ओळीचे : दोन मिळाले, तीस मिळाले, अठ्ठ्याऐंशी मिळाले. चौथ्या वर्षी शहाऐंशी निघाले. भाऊजींनी चारदा मोजले. ताई म्हणाली, उंदराने नेले असतील. त्याच आठवड्यात भाऊजी तिकीट काढून निघाले. एका घरवाल्याने अंगण उंच करून पक्के केले होते आणि मागच्या दाराची वाट बंद झाली होती, तीन बोटे पाणी आत राहिले. भाऊजींनी त्याच्याकडे लोटा मागितला, ओतला, आणि फडके त्याच्या हातात दिले. पाचव्या वर्षी परत अठ्ठ्याऐंशी.

आणि आता हे सहावे खोके.

ताईने वर्तमानपत्र पसरले. मी म्हणालो, त्यांना कळलेले दिसत नाही, मी फोन करून सांगतो, पुढल्या वर्षीपासून पाठवू नका म्हणून. ताई म्हणाली, “आधी मोजून तं घे.” मी मोजले. ताईने मोजले. मग परत मी मोजले. नव्वद. एकोणतीस वर्षांत माझ्या काट्यावर माल कमी आलेला मी खूप वेळा पाहिला, जास्त आलेला क्वचित. मी काकीला फोन लावला.

म्हणालो, काकी, भाऊजी गेले. ती म्हणाली, “ठावक आसा. सुजाताबायन त्याच दिसा सांगल्यान. वाडीत कोणी जाळां घातलां नाय दोन दिस.” मग पार्सल कसे, मी विचारले. काकीचा आवाज तोच, कमरेवर हात असल्यासारखा. “बोली काय झालेली, विलासभाव? तुमी हुतात थंय. घर सुक्यां ऱ्हवात तवसर. भावजी आसत तवसर असां कोण बोललां? ह्या वर्साची फी भावजींच्याच नावान, फुडे ताईच्या नावान येतले.” बोली कोरड्या घरापुरती होती, भाऊजींच्या हयातीपुरती नव्हे. मी आकड्याचे विचारले. नव्वद कसे? ती हसली. वाडीत पंचेचाळिसावे घर झाले होते. पार्वतीच्या मुलाचे. नकाशा कोणी काढला, मी विचारले. कोणी नाही, ती म्हणाली, भावजींच्या घरासारखेच बांधले, आणि फरशी झाल्यावर पार्वतीने तांब्या ओतून बघितला. पहिल्यांदा पाणी चुकीकडे गेले, म्हणून मिस्त्रीला अर्धी फरशी काढायला लावली. उधाणात पाणी आले आणि गेले.

मी फोन ठेवून ताईला सांगितले. ती उठली, लोटा भरून आणला आणि पडवीत ओतला. पाणी फरशीवरून रमत गेले आणि नेहमीच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या दाराशी, जाऊन बसले. अर्धा इंच. ताई फडके घेऊन उकिडवी बसली. मी हात पुढे केला तर म्हणाली, “राहू दे, माझा हिसाब हाय आता.” भिंतीपलीकडून साहूजींनी विचारले, “ये दारी कतका आइस, दीदी?” ताईने मान न उचलता सांगितले, “नब्बे.” साहूजी म्हणाले, “दू ठन जादा?” आणि मग, “बने होइस.” छान झाले.

पोस्टकार्ड त्याच दिवशी टाकले. हस्ताक्षर माझे, सही ताईची. या वर्षीची फी, घरे पंचेचाळीस, प्रत्येकी दोन प्रमाणे नव्वद सुके बांगडे, शकुंतलाबाईंना पोचले.